लेकीचं कर्ज आणि कागदावरची नावं

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात पापड-लोणच्यांची गडबड संपते न संपते तोच घराघरांत प्रवेशाची गडबड सुरू होते. मुलगी चांगल्या मार्कांनी बारावी झाली, कॉलेजही मिळालं, आता फीसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं, असं सगळं ठरतं. आणि बँकेतून निरोप येतो, "तुमचं कर्ज बसत नाही." कधी कुणाचा पैसा बुडवलेला नाही, मग अडलं कुठे?

पुष्कळदा अडतं ते कागदावर.

वाण्याकडे उधारीची वही असते ना, तशी एक वही आपल्यापैकी कर्ज काढलेल्या प्रत्येकीच्या नावानं ठेवलेली असते. ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपलं कर्ज, हप्ते, थकबाकी हे सगळं बँका त्यांना कळवतात. मुलीनं अजून कर्ज काढलेलंच नसतं. त्यामुळे बँक बघते ती सहकर्जदाराची, म्हणजे तुमची किंवा तुमच्या यजमानांची वही. वाणी चुकला तर आपण तिथल्या तिथे भांडतो. ही वही मात्र आपण कधी उघडूनच बघत नाही!

भिवंडीचंच उदाहरण घ्या. यंत्रमागांचं गाव. आगरी-कुणबी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर आहेत, पद्मनगरात तेलुगू कुटुंबं आहेत. तेलुगू रीतीनं घराण्याचं नाव आधी येतं, आपल्याकडे आडनाव शेवटी. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आखूड. आणि आपल्या बायकांचं तर विचारूच नका! माहेरच्या खात्यात मधे वडिलांचं नाव, पॅनकार्डावर नवऱ्याचं. बाई एकच, पण संगणकाला त्या दोघी वाटतात. कधी याच्या उलट होतं. सारख्या नावाच्या दुसऱ्याच कुणाचं थकलेलं कर्ज आपल्या माथी बसतं.

आणखीही चुका होतात. मायक्रोफायनान्स कंपनीकडून गटात घेतलेलं कर्ज तुम्ही केव्हाच फेडलं, पण वहीत ते चालूच दिसतं. लूमसाठी काढलेलं कर्ज पूर्ण चुकतं केलं, तरी 'तडजोडीनं मिटवलं' असा शेरा राहतो. उत्पन्नाच्या दाखल्यात लूमची वर्षाची उलाढालच कमाई म्हणून लिहिली जाते. हा आकडा जपायला हवा. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांमधल्या मुलांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात 3 टक्के सवलत आहे, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तरच. एक शून्य जास्त पडलं की सवलत गेली!

एक गोष्ट मात्र चूक नव्हे, तरी ठाऊक हवी. दिराच्या कर्जाला यजमान जामीन राहिले असतील, तर तेही त्यांच्या वहीत दिसतं. दिरानं हप्ते थकवले, तर आपल्या लेकीचं अडू शकतं.

तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? मुलगी बारावीत गेली की दिवाळीच्या साफसफाईतच हे काम उरकून घ्या.

पहिलं म्हणजे आधार, पॅन, पासबुक, विवाहनोंदणीचा दाखला, मुलीची दहावीची गुणपत्रिका असे सगळे कागद सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा. तांदूळ निवडावेत तसं एकेक अक्षर वाचा, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. जन्मतारखाही ताडून बघा. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं आहे. चांगलंच झालं! पण म्हणूनच आपलं नाव सगळीकडे एकसारखं हवं.

दुसरं, आपली वही मागवा. या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुमचा आणि यजमानांचा, दोघांचेही अहवाल काढा. मोबाईल जमत नसेल तर लेकीला शेजारी बसवा. तिलाही व्यवहार कळेल.

तिसरं, चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. सोबत कर्ज फिटल्याचा दाखला जोडा आणि पोच घ्या. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. एप्रिल 2024 पासून हा नियम लागू आहे. तेवढ्यानंही भागलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यालाही फी नाही. म्हणून 'पैसे द्या, सिबिल सुधारून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

चौथं, कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. 'कम्प्युटरमध्ये येत नाही' हे कारण नव्हे. काय येत नाही, कुणाच्या नावावर, कोणत्या कर्जाचं, हे कळल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. आवाज चढवायची गरज नाही, शांतपणे उभं राहिलं तरी पुरतं.

मे 2023 मध्ये केरळच्या उच्च न्यायालयानं सांगितलं, की सिबिलचे गुण कमी आहेत एवढ्याचसाठी विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये. निकाल दिलासा देणारा आहे. पण कोर्टाची पायरी चढेपर्यंत प्रवेशाची तारीख थांबत नाही, आणि दुरुस्तीला महिना लागतोच. निकालानंतर धावाधाव केली तर तो महिना कुठून आणणार?

भिवंडीच्या बायकांना वेगळं सांगायला नको. मागावर एक धागा तुटला तर विणकर तेव्हाच माग थांबवून गाठ मारतो. तसंच पुढे विणत गेलं, तर सगळ्या कापडात दोष उतरतो. घरातले लग्नाचे दागिने आपण कुलपात जपतो ना? त्याच कपाटात आता हे कागदही नीट लावून ठेवा. लेकीच्या खऱ्या उपयोगाला कदाचित तेच आधी येतील.