दुसऱ्या नंबरचा माणूस: नाइनर्सने बॅकअप क्वार्टरबॅक कसा निवडावा?



जानेवारी २०२३ चा शेवटचा रविवार. आमच्याकडे दहा-बारा जण जमले होते. मिसळीचा मोठा टोप, चिप्स-साल्सा, मुलांच्या अंगात लाल जर्स्या. टीव्हीवर फिलाडेल्फियाचा एनएफसी चॅम्पियनशिपचा सामना. जिंकलो की थेट सुपर बोल! आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये हासन रेडिकने ब्रॉक पर्डीच्या फेकत्या हातावर झडप घातली. पर्डीच्या उजव्या कोपरातला लिगामेंट फाटला. मग आला जोश जॉन्सन, छत्तीस वर्षांचा, डझनाहून जास्त संघांचं पाणी प्यायलेला, आपल्याकडे येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यालाही डोक्याला मार बसून कन्कशन झालं. मग पर्डी परत मैदानात, पण त्याला चेंडू लांब फेकताच येत नव्हता. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळांपैकी एकात, हंगामातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, आपल्याकडे चेंडू फेकायला माणूस नव्हता. ३१-७.

त्या दिवशी सगळे "नशीबच फुटकं" म्हणत घरी गेले. मीही तेच म्हणालो. पण त्यानंतरचे हंगाम बघून माझं मत बदललंय. नशीब होतंच, नाही कशाला म्हणू? पण बॅकअप कोण असावा हा प्रश्न आपल्या फ्रंट ऑफिसने दर वर्षी वेगळ्या पद्धतीने सोडवला, आणि त्याचे निकालही तसेच वेगवेगळे लागले. ते निकाल नीट मांडले तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, असं माझं म्हणणं आहे. पटतंय का बघा.

आधी हा खेळ नव्याने बघू लागलेल्यांसाठी थोडंसं. आठवडाभराच्या सरावात जवळजवळ सगळे स्नॅप पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. दुसऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं, आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्या डिफेन्सला सराव देणं. म्हणजे ज्याला रविवारी अचानक उभं राहायचंय, त्याने ते काम त्या आठवड्यात धड एकदाही केलेलं नसतं. म्हणून बॅकअपची किंमत त्याचा हात किती लांब फेकतो यावर करण्यात फारसा अर्थ नाही. सराव न करता त्याला किती काम येतं, हा खरा प्रश्न.

दुसरं, बॅकअपकडून अपेक्षा काय ठेवायची? तो पहिल्याची जागा कायमची घेईल ही अपेक्षाच चूक. नियमित हंगाम सतरा सामन्यांचा. पहिला माणूस चार-सहा सामने बाहेर बसला तर तेवढ्यात निम्मे किंवा थोडे जास्त जिंकून द्यायचे, बस. सहापैकी चार जिंकले तर प्लेऑफ, दोनच जिंकले तर जानेवारीत आपण दुसऱ्यांचे सामने बघतो. हा दोन सामन्यांचा फरक म्हणजेच बॅकअपची किंमत.

ही तयारी नसली की काय होतं ते इंडियानापोलिसला विचारा. २०१० मध्ये पेटन मॅनिंगसह १०-६. २०११ मध्ये मानेच्या दुखण्याने तो अख्खा हंगाम बाहेर, तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक खेळवले, २-१४. संघ बराचसा तोच होता! किंवा २०२३ चे जेट्स बघा. ॲरन रॉजर्स चौथ्याच स्नॅपला जायबंदी झाला आणि हंगाम ७-१० वर संपला.

आता आपल्या संघाने काय काय करून बघितलं ते घेऊ. माझ्या मते चार प्रकार झाले.

१) जुना मालक, भाडेकरू म्हणून. २०२२ मध्ये ट्रे लान्सला पहिला नंबर दिला आणि जिमी गरापोलोला पगार कमी करून बॅकअप ठेवलं. तेव्हा बरेच लोक हसले होते. दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला आणि जिमीने गाडी रुळावर ठेवली. डिसेंबरमध्ये त्याचाही पाय मोडेपर्यंत आपण प्लेऑफच्या वाटेवर होतो. पर्याय उत्तम, पण वारंवार मिळणारा नाही. पहिल्या नंबरवर खेळलेला माणूस त्याच घरात कमी पगारावर राहायला एखाद्याच वर्षी तयार होतो.

२) होतकरू पोरगा. म्हणजे पुन्हा लान्स, पण २०२३ चा. २०२१ मध्ये तिसऱ्या नंबरवर त्याला घ्यायला आपण पहिल्या फेरीच्या तीन पिक्स मोजल्या होत्या. एवढी गुंतवणूक केलेला मुलगा दुसऱ्या नंबरवर ठेवून 'घडवायचा' मोह कुणालाही होईल. पण सराव पहिल्यालाच मिळतो, मग घडवणार कधी? ज्याला सरावाची सर्वात जास्त गरज, त्याला सर्वात कमी सराव मिळतो. त्या कॅम्पमध्ये सॅम डार्नॉल्डने दुसरा नंबर घेतला आणि लान्सला चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला पाठवलं. सौदा म्हणून बघवत नव्हता. पण बॅकअप कोण, एवढ्याच प्रश्नापुरता निर्णय बरोबर होता.

३) स्वस्तातला जाणता. प्लेबुक पाठ, स्वभाव चांगला, पगार किमान. २०२४ मध्ये डार्नॉल्ड मिनेसोटाला गेल्यावर आपण ब्रँडन ॲलन आणि जोश डॉब्सवर भागवलं. पर्डी दोन सामने खेळला नाही. ग्रीन बेला ३८-१० हरलो, शेवटच्या आठवड्यात ॲरिझोनाला ४७-२४. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ग्रीन बेला ट्रेंट विल्यम्स आणि निक बोसाही नव्हते, आणि ६-११ चा तो हंगाम एकट्या बॅकअपमुळे गेला नाही. पण ग्रीन बेच्या सामन्याआधी आपण ५-५ होतो, अजून शर्यतीत होतो. त्या संध्याकाळी जिंकण्याची आशा घेऊन कोण बसलं होतं, खरं सांगा!

४) एकदा आपटलेला. पहिल्या फेरीत निवडला गेलेला, दोन-तीन वर्षं एखाद्या संघाची धुरा वाहिलेला, शिव्या खाल्लेला, "हा वाया गेला" असा शिक्का बसलेला. २०२३ चा डार्नॉल्ड आणि २०२५ चा मॅक जोन्स. माझं मत याच प्रकाराला.

कारणं सांगतो. पहिलं, अशा माणसाने खऱ्या सामन्यात हडल चालवलेला असतो. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन गुणांनी मागे असताना छातीत काय होतं हे त्याला माहीत असतं. अपयशही अनुभवच असतो. दुसरं, अशी बरीच मुलं हात कमकुवत म्हणून आपटलेली नसतात. त्यांना पुढे लाइन धड नसते, दर वर्षी नवा कोऑर्डिनेटर, नवं प्लेबुक. काइल शॅनहनच्या पद्धतीत पावलांची लय आणि चेंडू वेळेवर सुटणं महत्त्वाचं. ती लय ज्याला जमते त्याच्यासाठी आख्खा आराखडा बदलावा लागत नाही, बाकीच्या दहा जणांना तोच खेळ खेळता येतो. तिसरं कारण म्हणजे गरज. त्याला आपलं नाव परत मिळवायचं असतं, म्हणून बुधवारी कुणी बघत नसतानाही तो व्हिडिओ बघत बसतो.

मॅक जोन्सची गंमत तर तुम्हाला आठवतच असेल. २०२१ मध्ये आपण तिसऱ्या नंबरवर त्यालाच घेणार अशी केवढी चर्चा होती! घेतला लान्स. जोन्स पंधराव्या नंबरवर न्यू इंग्लंडला गेला, तिथे चढला आणि पडला, मग जॅक्सनव्हिल, आणि २०२५ मध्ये दोन वर्षांच्या करारावर आपल्याकडे बॅकअप म्हणून. पहिल्याच सामन्यात पर्डीच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत. जोन्सने आठ सामने सुरू केले, पाच जिंकले. २ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमधला रॅम्सचा सामना आठवा. पर्डी नाही, किटल नाही, बोसा नाही. जोन्सने ३४२ यार्ड फेकले आणि ओव्हरटाइममध्ये २६-२३ जिंकून आलो. तो हंगाम १२-५ झाला आणि आपण प्लेऑफमध्ये गेलो. ते आठ सामने ५-३ ऐवजी २-६ असते तर? हिशोब सोपा आहे: ९-८.

क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर ॲडलेडला ३६ वर सगळे बाद झाल्यावर, विराट घरी परतल्यावर, अजिंक्यने मेलबर्नला ११२ काढले आणि मालिका २-१ जिंकून आणली, त्यातलाच हा प्रकार. अजिंक्य काही त्या दिवशी कप्तानी शिकायला बसला नव्हता. आधी केलेली होती, म्हणून जमली.

आता यावर येणारे आक्षेप. मला तीन दिसतात.

"अहो, पर्डीच तर २६२ वा, ड्राफ्टमधला शेवटचा पिक होता! तिसऱ्या नंबरवरून आला आणि जिंकला. ब्रेडीही १९९ वा होता." कबूल. पण ही लॉटरी लागल्याची उदाहरणं आहेत. होतकरू मुलगा तिसऱ्या नंबरवर जरूर ठेवा, तिकीट स्वस्त आहे. त्या फिलाडेल्फियाच्या सामन्यानंतर मे २०२३ मध्ये लीगने आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक ठेवण्याची मुभा परत दिली, त्यामुळे आता तर त्याला जागाही आहे. पण घराचा हप्ता लॉटरीच्या भरवशावर भरत नाहीत.

"पर्डीला पाच वर्षांचे २६५ मिलियन दिलेत, आता बॅकअपवर कशाला खर्च?" मी उलट म्हणेन. पर्डी स्वस्त होता तेव्हा एक वर्ष वाया गेलं तरी चाललं असतं. आता त्याच्याभोवती पैसे अडकलेत, आणि मॅककॅफ्री, किटल, विल्यम्स ही मंडळी काही तरुण होत नाहीयेत. शिवाय २०२२ मध्ये कोपर, २०२४ मध्ये खांदा, २०२५ मध्ये अंगठा, म्हणजे पर्डीच्या पहिल्या चार हंगामांपैकी तीनात दुखापत. गाडी जुनी असताना साधा विमा काढणारे आपण, नवी कोरी गाडी घेतल्यावर विमा बंद करतो का? डार्नॉल्ड २०२३ मध्ये जेमतेम एक सामना सुरू करून बसून राहिला, तेव्हा "पैसे पाण्यात" म्हणणारे भेटले होते. अपघात झाला नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

"बॅकअप चांगला खेळला तर लगेच विकावा, भाव आलाय." हा आक्षेप सगळ्यात मोहक, आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा पिक म्हणजे कदाचित दोन वर्षांनी उपयोगी पडेल असा एक मुलगा. त्याच्या बदल्यात आपण द्यायचे ते याच हंगामातले दोन-तीन विजय. जिंकायची संधी आज असलेल्या संघाने हा सौदा करू नये. पहिल्या फेरीचा पिक कुणी देऊ केला तर बसून बोलू, त्याखाली नाही. करार संपला की त्याला हवं तिथे सन्मानाने जाऊ द्या. डार्नॉल्ड तसाच गेला, मिनेसोटाला १४ सामने जिंकला, आणि आपल्याकडचं एक वर्ष त्याच्या कामी आलं. त्याचा दुसरा फायदा असा की पुढचा आपटलेला खेळाडू आपल्याकडे कमी पैशातही येतो, कारण इथून माणसं वर जातात हे त्याला दिसतं. मॅक जोन्स आला तो डार्नॉल्डचं ते वर्ष सगळ्यांनी बघितल्यानंतर.

थोडक्यात काय, तर दुसऱ्या नंबरवर एकदा आपटलेला, तिसऱ्यावर होतकरू, आणि विक्री नाही. यानेही फिलाडेल्फियासारखा दिवस पुन्हा येणार नाही याची हमी नाही. एकाच सामन्यात दोघे गेले तर देवही काही करू शकत नाही. पण निदान "आपण तयारी केली होती" एवढं तरी म्हणता येईल.

आपल्यापैकी कित्येक जण ऑफिसात कुणाचे तरी बॅकअप आहेत. रात्री दोनला फोन वाजला की उठून सर्व्हर उभा करणारे. काही झालं नाही तर वर्षभर कुणाला आपली आठवणही येत नाही, आणि रिव्ह्यूच्या वेळी "यंदा काय केलंत?" असं विचारतात. बसून राहिलेल्या बॅकअपची किंमत निदान आपल्याला तरी समजायला हवी, नाही का? :-)

असो. फार लांबलं. चू.भू.द्या.घ्या.

आपला,
एक बे एरियाकर

ता.क. त्या रविवारची उरलेली मिसळ आम्ही पुढे दोन दिवस खाल्ली. चव लागली नाही.