पोकळ म्हणजे कमजोर? आधी मापं तर बघा

मागच्या आठवड्यात गाडी वळणावर जास्तच झुकते म्हणून गॅरेजला नेली. मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "भाऊ, कंपनीनं पोकळ बार देला. नुसता पाईप हाये. भरीव टाकून देतो, मंग हालतच नाही गाडी."

हा बार म्हणजे स्टॅबिलायझर. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा, दोन्ही टोकांना वाकवलेला लोखंडी दांडा. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं सोबत उचलली की तो काही करत नाही, बुशमध्ये नुसता फिरतो. गाडी एका अंगाला झुकली की मात्र त्याला पीळ बसतो आणि तो झुकणं अडवतो.

आता पोकळचं बघू. पीळ अडवायचं काम कडेचं लोखंड करतं, मधलं जवळपास फुकट बसून असतं. हिशेब व्यासाच्या चौथ्या घाताचा आहे. २५ मिमीचा भरीव बार घ्या आणि त्यात १८ मिमीची पोकळी करा. वजन निम्म्याहून कमी होतं, ताठपणा मात्र ७३ टक्के उरतो. बाहेरचा व्यास फक्त २७ केला आणि आतली पोकळी १९ मिमीच्या थोडी वर ठेवली, तर भरीव २५ एवढाच ताठपणा मिळतो, तोही ४० टक्क्यांहून जास्त वजन वाचवून. आपल्याकडचा बांबू काय वेगळं सांगतो?

पोकळ बारमध्ये खोट नाहीच असं नाही. त्याच्या अंगावर ताण थोडा जास्त येतो, आतून गंज धरला तर बाहेरून दिसत नाही. पण "पोकळ म्हणून कमजोर" हे चूक.

माझा खरा राग लेथवर वाकवून आणलेल्या साध्या सळईवर आहे. साधं स्टील आणि स्प्रिंगचं स्टील यांचा ताठपणा जवळपास सारखाच, म्हणून पहिल्या दिवशी गाडी मस्त वाटते. पण साधी सळई पीळ खाऊन खाऊन वाकून राहते, नाही तर तुटते. आणि जाड बार फक्त मागं टाकला तर वळणावर मागची चाकं लवकर सरकतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरनं आणलेला काळ्या मातीचा चिखल यवतमाळ रोडवर पसरलेला असतो. त्यावर हे करून पाहू नका.

माणसं भरून, वर कॅरियरवर पोती लादून चालणाऱ्या जीपवाल्यांना तर हात जोडून सांगतो. बार कोणताही टाका, टपावरचं ओझं गाडीला उलटवायलाच बघतं. काही जण लिंक तुटली की बार काढूनच ठेवतात, "आवाज येते" म्हणून! फिटनेसला गाडी जाते तेव्हा लाईट आणि रेडियम बघता ना, तसं खाली वाकून लिंक आणि बुशही बघा. पाच मिनिटांचं काम आहे साहेब.

माझ्या गाडीचं म्हणाल तर दुसरीकडं दाखवली. बुश झिजलेले निघाले आणि एक लिंक ढिली. तेवढं बदललं. बार तोच, पोकळ. झुकणं थांबलं.