मृत्युपत्र पेटीत, सातबारा मयताच्या नावे



उसाच्या नोंदीला सातबारा मागितला की दरसाल काही उतारे मयताच्याच नावाचे येतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "मृत्युपत्र मोठ्या भावाच्या पेटीत आहे, तो काढत नाही." मग धाकटे भाऊ, बहिणी, विधवा आई त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. हे बसणं आम्हांला मान्य नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या वावराच्या मृत्युपत्राला कोर्टाच्या प्रोबेटची सक्ती नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसानं ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं, बहिणींचीसुद्धा, देऊन अर्ज करा, पोच घ्या. फेरफार धरला की नोटीस सगळ्यांना जाते. मग पेटीवाल्याला एकतर मृत्युपत्र काढावं लागतं, नाहीतर वारसांची नावं चढतात. फेरफारानं मालकी मात्र ठरत नाही. मृत्युपत्र खरं की खोटं हे दिवाणी कोर्टच ठरवतं.

आणि मृत्युपत्र रजिस्टर केलेलं असेल तर पेटीचं कामच काय? करणारा वारल्यावर दुय्यम निबंधकाकडं अर्ज करणाऱ्या कोणालाही नक्कल मिळते. पुष्कळांना हे ठाऊकच नाही! रजिस्टर नसलेलंही चालतं, पण त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात. ते कोण होते हे आजच विचारून ठेवा, म्हातारी माणसं आहेत.

भाऊ रागावेल म्हणता? धुऱ्यावरून तो तसाही बोलत नाही.

– ऊस विकास अधिकारी