डिझेल : शर्यतीत आणि रस्त्यावर

पेणहून वडखळकडे जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारीच्या काळ्या धुरामागे सापडलेला मुंबईकर प्रवासी ‘डिझेलवर बंदीच घाला’ असे उद्गारतो. त्याचा त्रागा आम्हांस समजतो. परंतु पेणच्या गणेशमूर्ती, डोलवीचे पोलाद आणि रोह्याजवळील धाटावची रसायने बहुतांशी याच इंधनावर ठिकठिकाणी पोहोचतात. सरसकट बंदी हा न्याय नव्हे.

हाच वाद मोटारशर्यतींच्या जगातही झाला आहे. फॉर्म्युला वनच्या नियमांनी इंजिनाचा घाटच ठरवून दिला. २०१४ पासून तेथे १.६ लिटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे. डिझेलला दार बंद. फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीने मात्र डिझेलला प्रवेश दिला, आणि २००६ ते २०१४ अशी सलग नऊ वर्षे तेथे डिझेल मोटारीच जिंकल्या. नियम डिझेलला झुकते माप देतात, अशी तक्रार तेव्हा झाली. २०१४ साली संयोजकांनी तोड काढली. कारखान्यांच्या अग्रगण्य मोटारींना दर फेरीस किती ऊर्जा वापरता येईल, हे ठरवून दिले आणि धावत्या मोटारीतच तिचे मोजमाप ठेवले. इंजिन कोणते, ते ज्याचे त्याने निवडावे!

आपल्या रस्त्यांवर नेमके याच्या उलट घडते. पीयूसी तपासणीत डिझेल वाहन उभे करून, अ‍ॅक्सिलरेटर दाबून केवळ धुराची घनता पाहिली जाते. नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. २०१५ साली फोक्सवॅगनचे जे प्रकरण जगभर गाजले, ते याच ऑक्साइडांचे होते. चाचणीगृहात निर्मळ ठरलेल्या मोटारी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट विष ओकत होत्या. भारतात २०२० पासून नव्या वाहनांना बीएस-६ मानके लागू झाली, २०२३ पासून त्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीची जोडही मिळाली. परंतु त्यापूर्वीच्या मालमोटारींचे काय? त्यांच्यासाठी जुनीच उभ्या वाहनाची परीक्षा चालू आहे.

धावत्या वाहनाचा धूर रस्त्याच्या कडेने मोजणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. ती वडखळ आणि धाटाव येथे बसवावीत व दोषी वाहनास दुरुस्तीवाचून पुढे जाऊ देऊ नये, अशी आमची शासनास सूचना आहे. शर्यतीत प्रश्न केवळ करंडकाचा असतो. येथे तो रस्त्याकाठी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा आहे. करंडकासाठी जेवढी काटेकोर मोजणी होते, तेवढी तरी माणसाच्या श्वासासाठी व्हावी, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणावी?