रीडिंग चुकू द्या

अमरावती-अकोल्याकडे जीवशास्त्राच्या प्रयोगांचा विषय काढला, की पहिला आक्षेप येतो तो हिशेबाचा. नीटमध्ये १८० प्रश्न, त्यांतले ९० जीवशास्त्राचे. ७२० पैकी ३६० गुण. यातल्या एकाही गुणासाठी सूक्ष्मदर्शकाला हात लावावा लागत नाही. बोर्डाचे प्रात्यक्षिकाचे ३० गुण तर पदरात पडणारच, असं धरून चाललेलं असतं. मग प्रयोगशाळेत दुपार का घालवायची? अकोल्यात खोली करून राहणाऱ्या, बापाने कापूस विकून शिकवणीची फी भरलेल्या पोराने हे विचारलं तर त्याला हसू नये. प्रयोगाने नीटचे गुण वाढतात, असा युक्तिवाद मी करणार नाही. नसतीलही वाढत. पण परीक्षेत येत नाही ते शिकायचं नाही, हा नियम लावला तर शेतीतलं, दवाखान्यातलं निम्मं शहाणपण बाद होईल.

‘साहित्य नाही’ हा आक्षेप पोकळ आहे. अनेक ठिकाणी साहित्य असतं, कुलपाआड असतं. पोरं कव्हरस्लिप फोडतात म्हणे! फोडणारच, ती काही शोकेसात ठेवायची वस्तू नाही.

आता व्हिडिओ. विच्छेदनापुरता तो पर्याय मला मान्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण बेडकाबरोबर कांद्याला आणि बटाट्यालाही अभयदान द्या, असं कोणी सांगितलं होतं? व्हिडिओतला प्रयोग कधी फसत नाही, हीच त्याची खोट. आपलं जर्नलही तसंच झालंय. मागच्या वर्षीच्या पोराचं आणायचं, निरीक्षणं उतरवायची, आकृतीला शेडिंग करायचं. कोणी खरोखर प्रयोगाला बसलाच, तर आधी विचारतो, “सर, रीडिंग किती याले पायजे?” उत्तर ठरलेलं असेल तर प्रयोग कशाचा करायचा?

आपल्याच मातीतला प्रयोग घ्या. रिओच्या पानाची खालची जांभळी साल सोलून स्लाइडवर ठेवायची, वर मिठाच्या दाट द्रावणाचा थेंब टाकायचा. पेशीतला जांभळा रस पेशीभित्तिका सोडून आत आक्रसताना दिसतो. साधं पाणी दिलं, की पुन्हा पसरतो. पुस्तक इथे थांबतं. आपण थांबू नये. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी बाटलीत आणून त्याचा थेंब टाकून बघायचा. पेशी आक्रसतीलच असं नाही, कारण ते पाणी मिठाच्या दाट द्रावणाइतकं खारट नसतं. पोरगं म्हणेल, प्रयोग फसला. मी म्हणेन, आता कुठे सुरू झाला. पेशीला हे पाणी चालतंय, तर त्याच पाण्यावरचं पीक का खंगतं? मग कळतं, की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून साचत जातात. सोडियममुळे काळी माती गच्च होते आणि पाणी खाली झिरपत नाही. म्हणजे पुढचा प्रयोग स्लाइडवर नाही, मातीवर: दोन ठिकाणची माती दोन डब्यांत भरायची आणि पाणी किती वेळात झिरपतं ते घड्याळ लावून बघायचं. खर्च म्हणाल तर दोन रिकामे डबे.

गुलाबी बोंडअळीचं तसंच. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातल्या पऱ्हाटीची काय दशा केली ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे. अळी बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजतं, बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. म्हणून कृषितज्ज्ञ सांगतात, एकरातून हिरवी २० बोंडं सरसकट तोडा, फोडा. दोन बोंडांत अळी निघाली तर फवारणीचा विचार करा. हे नमुना घेणं आहे, निखळ जीवशास्त्र. क्वाड्रॅट टाकून वनस्पती मोजण्याचा प्रयोग ज्याने जर्नलमध्येच केला, तो धुऱ्याजवळची, हाताला येतील तीच २० बोंडं तोडेल आणि निष्कर्ष काढून मोकळा होईल. त्यावर फवारणीचा खर्च ठरतो. फवारणाऱ्याच्या नाकातोंडात काय जाणार, तेही ठरतं. त्याच २०१७ मध्ये यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यामागे कारणं अनेक होती, पण औषध कधी मारायचं हा प्रश्न त्याने हलका ठरत नाही.

तेव्हा माझी मागणी ३० गुण वाढवण्याची नाही, ते वेगळ्या गोष्टीला देण्याची आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी कोणी पाहिलेलं नाही असं पान, अनोळखी माती, खारं पाणी समोर ठेवा. पुस्तकाशी न जुळणारं रीडिंग पोराने खोडलं नाही, शेजारी कारण लिहिलं, तर गुण द्या. सुबक, सारखी, एकाच हाताने लिहिल्यासारखी जर्नलं आली तर कापा. पहिल्या वर्षी अमरावती विभागाचा निकाल खाली येईल, संस्थाचालक ओरडतील, पालक निवेदनं घेऊन बोर्डात जातील. जाऊ देत.