दसऱ्याचे सोने आणि कामाचे हात

आज विजयादशमी. मुरुडच्या दारोदारी झेंडूच्या तोरणांत भाताच्या नव्या लोंब्या ओवल्या गेल्या आहेत, ग्रामदेवता कोटेश्वरीची ओटी भरण्यास सुवासिनींची रीघ लागली आहे, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक असा हा शुभदिन साधून बाजारपेठेत नव्या दुकानांचे नारळ वाढविले जात आहेत. कोठे खानावळ, कोठे कापडाचे दुकान, कोठे मोबाईल दुरुस्तीची टपरी. जंजिरा पाहावयास आणि समुद्रकिनारी विसावा घ्यावयास येणाऱ्या प्रवाशांमुळे येथील व्यापारास बरकत आली आहे. आपल्या गावात चार नव्या चुली पेटाव्यात, याचा संतोष कोणास होणार नाही?

तथापि या आनंदात एक उणीव आम्हांस जाणवते. दुकान आहे, माल आहे, गिऱ्हाईक आहे. पण तागडी धरणारा, भट्टीशी उभा राहणारा, हिशेब ठेवणारा माणूस मिळत नाही. नव्या दुकानाच्या पाटीखाली ‘कामास माणसे पाहिजेत’ ही दुसरी पाटी लावण्याची पाळी येते. मालकवर्ग म्हणतो की, हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत. हे निदान आम्हांस मान्य नाही.

ज्या कोकणच्या माणसाने मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या आपल्या घामावर चालविल्या, त्याच्या नातवंडांवर आळसाचा आरोप कोणत्या तोंडाने करावा? येथील तरुण कष्टाला भिऊन नव्हे, तर कष्टाचे मोल जेथे मिळेल तेथे जात आला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावली, तरी मुंबईची वाट काही बुजली नाही. वाड्यांतही हेच घडले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळीचे रोप फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. तोवर वाडीतल्या गड्याने काय खावे? त्याने दुसरा उद्योग धरला. आज नव्या पोफळी धरू लागण्याचा काळ आला, तर शेंड्यापर्यंत चढणारा गडी शोधावा लागतो. ज्याला आपण पडत्या काळात सांभाळले नाही, तो चढत्या काळात हाकेला कसा येणार? बाजारपेठेची स्थिती याहून वेगळी नाही.

दुकानदारांची अडचण आम्ही नाकारीत नाही. येथील धंदा हंगामी. पावसाळ्यात समुद्र खवळतो, राजपुरीहून किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद राहतात, पेठ ओस पडते; जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. मग बाराही महिने पगार कोठून द्यावा, हा मालकाचा प्रश्न खरा आहे. परंतु आठ महिन्यांच्या पगारावर बारा महिने संसार कसा चालवावा, हा नोकराचा प्रश्नही तितकाच खरा आहे; आणि पहिल्या प्रश्नाची चर्चा जेवढी होते, तेवढी दुसऱ्याची होत नाही.

कायद्याकडे पाहावे, तर १९४८ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाची जागा २०१७ च्या नव्या अधिनियमाने घेतली आणि त्याने दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने बहुतेक तरतुदींतून वगळली. किमान वेतनाचे बंधन लहान दुकानासही आहे. पण दोन-तीन माणसांच्या दुकानात कामाचे तास किती आणि आठवड्याची सुटी कोणती, हे मालकाच्या सद्बुद्धीवरच सोपविले गेले. जेथे कायद्याचा हात पोचत नाही, तेथे धर्माने पोचावे, अशी आपली परंपरा सांगते.

आज आपण ज्या आपट्याच्या पानाला सोने म्हणून भाळी लावतो, त्याची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते. गुरुदक्षिणेसाठी कौत्स रघुराजाकडे आला, कुबेराने सुवर्णाची वृष्टी केली. कौत्साने चौदा कोटींहून एक मोहोर अधिक घेतली नाही, आणि याचकासाठी आलेल्या धनातील एक मोहोर रघूने स्वतःस ठेवली नाही. ज्याचे जे देणे, ते त्याला पूर्ण पोचविणे, हा त्या सोन्याचा अर्थ आहे. नोकराचा पगार पंधरा दिवस अडकवून ठेवावयाचा आणि दसऱ्याला त्याच्या हाती आपट्याचे पान द्यावयाचे, हे त्या कथेशी जुळत नाही.

फार दूर कशास जावे? आपल्या किनाऱ्यावरून दिसणारा पद्मदुर्ग पाहा. या दुर्गासाठी आणि आरमारासाठी नेमून दिलेली रोकड व धान्य वेळेवर पोचले नाही, म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांची पत्राने अत्यंत कडक शब्दांत हजेरी घेतली. कसूर करणारा ब्राह्मण आहे म्हणून गय होणार नाही, हेही त्यांनी बजावले. समोर सिद्दीसारखा शत्रू असताना राजाला चिंता होती ती राबणाऱ्यांच्या पोटाची. उपाशी माणसांच्या बळावर किल्ला उभा राहत नाही, हे त्या राजाने जाणले होते. दुकानही राहत नाही.

आणखी एक गोष्ट. कोकणच्या बंदरांत नौकांवर आणि बागांच्या राखणीस नेपाळहून आलेले तरुण आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. त्यांच्या देशात हाच सण ‘दशैं’ म्हणून वर्षातील सर्वांत मोठा मानतात. आजच्या दिवशी वडीलधाऱ्यांकडून कपाळी टिळा लावून घेण्यासाठी माणसे दूरदूरहून घरी जातात. जो घरी जाऊ शकला नाही, त्याच्या कपाळी टिळा कोणी लावावा? आणि ज्या स्थानिक मुलीने सकाळपासून आपल्या दुकानाची पूजा मांडली, तिला स्वतःच्या घरच्या पूजेस केव्हा जाता यावे?

म्हणून आमची व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे. पगाराची तारीख ठरवावी आणि ती पाळावी. आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीने सुटी द्यावी. हंगामात शेजारच्या चार दुकानदारांनी मिळून थोडी रक्कम बाजूस काढावी, म्हणजे पावसाळ्यात चांगल्या माणसाला निदान अर्धा पगार देऊन राखता येईल. आणि आज सायंकाळी दुकान एक तास आधी बंद करावे. गिऱ्हाईकांसही आमचे सांगणे आहे की, सणाची खरेदी आदल्या दिवशी उरकावी. शेवटच्या घटकेस दार ठोठावून कोणाच्या घरचा सण मोडू नये.

खंडेनवमीस आपण तागडीला हळदकुंकू वाहिले, वहीवर फूल ठेवले, यंत्राला हार घातला. ती तागडी उचलणाऱ्या हाताला आज पहिले सोने द्यावे, आणि त्यासोबत त्याच्या हक्काचा पगारही द्यावा. मग माणसे पाहिजेत ही पाटी फार दिवस टांगावी लागणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

सर्व वाचकांस विजयादशमीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!