किल्ल्याचे दृश्य कोणाच्या मालकीचे?

मोठ्या शहरात नवे बहुमजली हॉटेल सुरू झाले की त्याच्या जाहिरातीत खोलीपेक्षा खिडकीचे वर्णन अधिक असते. खाट, गालिचा, न्याहारी या गोष्टी सर्वत्र सारख्याच झाल्या आहेत. वेगळे म्हणून विकता येते ते फक्त वीस-पंचवीस मजल्यांवरून दिसणारे दृश्य. मुंबईत हे गणित १९७३ सालीच मांडले गेले. त्या काळात अपोलो बंदरावर जुन्या ताजमहाल हॉटेलशेजारी नवा मनोरा उभा राहिला आणि नरिमन पॉइंटला ओबेरॉयचे गगनचुंबी हॉटेल आले. समुद्र तोच होता. परंतु तो उंचावरून पाहण्याचे मोल पाहुण्यांकडून घेता येते, हे व्यवसायाला उमगले. महानगरांतून हे गणित आता दुसऱ्या फळीतील शहरांकडे सरकते आहे आणि त्यांत ज्या शहराची परीक्षा सर्वांत कठीण ठरणार आहे, ते ग्वाल्हेर होय.

ग्वाल्हेर हे नाव गोमंतकीय वाचकाला परके नाही. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडणे तालुक्यातील केरीचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. फाळका बाजार, शिंदे की छावणी, कंपू ही तिथल्या वस्त्यांची नावे आजही त्या इतिहासाची साक्ष देतात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच शहरात गाणे शिकले आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांच्यामार्फत ती गायकी देशभर पोहोचली. कवी भा. रा. तांबे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथेच घालवली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिली महिला अध्यक्ष लाभली, तीही १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनातच. त्यामुळे या शहराच्या भवितव्याकडे आपण केवळ तटस्थपणे पाहू शकत नाही.

अचानक आलेली गती

गेल्या दोन-तीन वर्षांत ग्वाल्हेरच्या पर्यटनाला अनुकूल अशा घटना एकापाठोपाठ एक घडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराचा ‘संगीताचे सर्जनशील शहर’ म्हणून समावेश केला. मार्च २०२४ मध्ये राजमाता विजयाराजे सिंधिया विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात ग्वाल्हेरचा किल्ला जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाला. ऑगस्टमध्ये आग्रा-ग्वाल्हेर या ८८ किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला केंद्राने मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये नव्या माधवराव सिंधिया क्रिकेट स्टेडियमवर भारत आणि बांगलादेश यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाचे शंभरावे पर्व साजरे झाले. एवढे सारे पंधरा महिन्यांत घडल्यावर ‘आता मोठी हॉटेले हवीत’ हा सूर निघणे स्वाभाविकच आहे आणि तो चुकीचाही नाही. सामन्याच्या किंवा समारोहाच्या दिवसांत खोल्यांची मागणी एकदम वाढते आणि इतर वेळी ओसरते, ही अशा शहरांची नेहमीची अडचण आहे.

प्रश्न हॉटेलांचा नाही, त्यांच्या उंचीचा आणि जागेचा आहे. मैदानापासून सुमारे शंभर मीटर उंच, जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा खडक आणि त्यावर मानसिंह तोमर याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात व सोळाव्याच्या आरंभी उभारलेले निळ्या टाइल्सचे मानमंदिर, हे ग्वाल्हेरचे क्षितिज आहे. शहरातून कोठूनही मान वर केली की किल्ला दिसतो. दिशा विचारणाऱ्याला लोक किल्ल्याच्याच आधाराने रस्ता सांगतात. जयविलास राजवाडा १८७४ मध्ये बांधला गेला, तोही वैभवात कोणापेक्षा कमी नाही. पण त्याने विस्तार पसंत केला, किल्ल्याशी उंचीची स्पर्धा केली नाही. राजवाड्याशेजारचे उषाकिरण, संस्थानाच्या पाहुण्यांसाठी बांधलेले आणि आज ताज समूहाकडून चालवले जाणारे, झाडांच्या उंचीतच राहते.

धोरणच उंचीकडे ढकलते

हॉटेले उंच का होतात, याचे उत्तर केवळ मालकाच्या हौसेत शोधून चालणार नाही. पहिले कारण जमिनीचा भाव. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आणि कमी चर्चिले जाणारे आहे. केंद्र सरकारच्या पायाभूत सुविधांच्या यादीत हॉटेलांना स्थान आहे. या यादीत बसणाऱ्या प्रकल्पाला दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे सोपे होते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांबाहेरील तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना हा लाभ मिळतो. शहर त्याहून मोठे असेल तर प्रकल्पाचा खर्च, जमीन वगळून, २०० कोटी रुपयांपेक्षा जास्त असावा लागतो. २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेरची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या पुढे गेली. म्हणजे हे शहर रेषेच्या जेमतेम पलीकडे आहे. परिणामी चाळीस-पन्नास खोल्यांचे, दोन-तीन मजली, शहराच्या अंगकाठीला शोभणारे हॉटेल काढू पाहणाऱ्याला ही सवलत नाही. दोनशे कोटींचा मनोरा उभारणाऱ्याला मात्र आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पन्नास पर्यटनस्थळे राज्यांच्या भागीदारीत विकसित करण्याची आणि तेथील हॉटेलांना या यादीत घेण्याची घोषणा झाली. छोट्या हॉटेलांना त्यात जागा मिळते की नाही, यावर बरेच काही अवलंबून राहील.

कररचनेचेही असेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ग्राहकाला त्याचा फायदा आहे. पण हॉटेलचालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणे बंद झाले. साडेसात हजारांवरील खोल्यांना १८ टक्के कर असला तरी वजावट कायम आहे. छोट्या हॉटेलला हा भार सोसवत नाही. मोठ्याला अधिक खोल्यांत तो विभागता येतो. कोणीही मुद्दाम ठरवले नसताना दोन स्वतंत्र निर्णय मिळून शहराला एकाच दिशेने ढकलतात, ती ही अशी.

कायदा अंतर मोजतो, नजर नाही

यावर साहजिकच विचारले जाईल की किल्ल्याला कायद्याचे संरक्षण आहे ना? आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर परिसरात बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर परिसरात परवानगीशिवाय बांधता येत नाही. एखाद्या मंदिरासाठी किंवा समाधीसाठी ही तरतूद पुरेशी ठरू शकते. पण शंभर मीटर उंच खडकावरच्या किल्ल्याला तीनशे मीटरचे कुंपण अपुरे आहे. रेल्वे स्थानकाजवळ किंवा लष्करात, किल्ल्यापासून एक-दीड किलोमीटरवर वीस मजली इमारत उभी राहिली, तर ती या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. आणि तरीही तिच्या मागे राहणाऱ्या हजारो लोकांच्या नजरेतून किल्ला कायमचा पुसला जातो.

दुसऱ्या बाजूला, याच कायद्याचा जाच किल्ल्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गरीब कुटुंबांना होतो. पावसात पडलेली भिंत बांधायची तरी परवानगीचे खेटे घालावे लागतात. म्हणजे छोट्या घरावर कायदा कठोर आणि दूरच्या मनोऱ्यासमोर तो निःशब्द. ही विसंगती केवळ ग्वाल्हेरची नाही, पण तेथे ती अधिक ठळक दिसते.

जगातील अनुभव सावध करणारा आहे. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, १९६४ च्या एका हॉटेलच्या जागी नवी वास्तू व शेजारी सुमारे ६६ मीटरचा मनोरा उभारण्याची योजना आली. केवळ त्या योजनेपायी युनेस्कोने २०१७ मध्ये शहराचा जुना भाग ‘धोक्यातील वारसा’ यादीत टाकला. इंग्लंडमधील लिव्हरपूलने नदीकाठच्या विकासापुढे इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केले आणि २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा गमावला. ग्वाल्हेर तर अजून उंबरठ्यावर आहे. मुख्य यादीत जाण्यासाठी किल्ल्याभोवतीचा परिसर कसा राखणार, हे भारताला दाखवावे लागेल. ज्या दर्जाच्या भरवशावर हॉटेलमालक पाहुण्यांची गणिते मांडत आहेत, तोच दर्जा त्यांच्या इमारतींमुळे हातचा जाऊ शकतो.

उंचीची बाजूही ऐकावी

येथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. उंच इमारत म्हणजे संकट, असे समीकरण मांडणे सोपे असले तरी खरे नाही. आडवी वाढणारी शहरे शेती आणि माळरान गिळतात. तेवढ्याच खोल्या उभ्या बांधल्या तर जमीन वाचते. मोठे हॉटेल शेकडो तरुणांना कायमचा रोजगार देते, आणि ग्वाल्हेर-चंबळ भागातील तरुण आज कामासाठी दिल्लीची वाट धरतात. शहराला वर्तमानात जगण्याचा हक्क आहे. केवळ पर्यटकाच्या छायाचित्रासाठी त्याने जुनेच राहावे, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल.

मात्र उंचीसोबत येणारी जबाबदारीही तितकीच मोठी. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत बहुमजली ठरते आणि तिला आगीपासून बचावाचे अधिक कडक नियम लागू होतात. २०१९ मध्ये दिल्लीच्या करोलबागमधील हॉटेलला आग लागून १७ जणांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या हडफडे येथील नाइट क्लबमध्ये २५ जणांचा बळी गेला. तेथे तर इमारत उंचही नव्हती. परवाने कागदावर राहिले तर काय होते, हे गोव्याला आता कोणी शिकवायला नको. पाण्याचेही तसेच. ग्वाल्हेरची तहान मुख्यत्वे शतकभर जुन्या तिघरा धरणावर भागते आणि चंबळचे पाणी आणण्याच्या योजनेकडे शहर डोळे लावून आहे. जुन्या राजांनी किल्ला उंचावर बांधला, पण आधी त्यावर सूरजकुंडासारखी तळी राखली. पाण्याचा हिशेब आधी आणि उंची नंतर, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

करता येण्याजोगे

उपाय अवघड नाहीत. ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळाभोवती इमारतींच्या उंचीवर आधीच मर्यादा आहेत. विमानासाठी आकाश मोकळे ठेवता येते, तर माणसाच्या नजरेसाठी का नाही? शहरातील महत्त्वाचे चौक, पूल, मैदाने आणि रेल्वे स्थानक येथून किल्ला कोठून कसा दिसतो याची नोंद करून त्या रेषांत उंचीची मर्यादा विकास आराखड्यातच घालता येईल. उंच हॉटेलांना या रेषांबाहेर खुशाल वाव द्यावा. दिल्लीवरील भार हलका करण्यासाठी ग्वाल्हेरच्या पश्चिमेला आखलेले नवे शहर तीन दशके वस्तीची वाट पाहत आहे. मनोऱ्यांना तेथे जागाही आहे आणि कामही. लष्करातील जुने वाडे छोट्या अतिथिगृहांसाठी दुरुस्त करणाऱ्यांना मोठ्या प्रकल्पांइतकेच सुलभ कर्ज मिळाले, तर वाडे वाचतील आणि खोल्याही वाढतील.

मूळ प्रश्न खोल्यांच्या संख्येइतकाच मुक्कामाचा आहे. नवा महामार्ग झाल्यावर आग्र्याहून आलेला पर्यटक दुपारी किल्ला पाहून संध्याकाळी परतही जाईल. त्याला रात्री थांबवील ते तानसेनाच्या समाधीजवळचे, वर्षभर ऐकायला मिळणारे गाणे. पंचविसाव्या मजल्यावरचा जलतरण तलाव त्याला आग्र्यातही मिळेल.

गोव्याला या साऱ्यात आपले प्रतिबिंब दिसावे. जुन्या गोव्यातील चर्च १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि तरीही २०२१ मध्ये तेथील संरक्षित परिसरातील एका बांधकामाविरुद्ध नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागले. २००९ मध्ये दोनापावल येथील एका हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समुद्राकडे जाणाऱ्या लोकांच्या वाटेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर सरकारने वटहुकूम काढून त्या बांधकामाला अभय दिले. विभाग बदलाच्या कलम १७(२) आणि ३९(अ) वरून आपल्याकडे जो वाद सुरू आहे, त्याच्याही मुळाशी हीच चिंता आहे: डोंगर, नदी आणि समुद्र यांवर पहिला हक्क खोलीचे भाडे भरणाऱ्याचा, की रोज त्यांच्याकडे पाहत जगणाऱ्याचा?

उंच हॉटेलच्या खिडकीतून सारे शहर दिसते. दिसत नाही ते फक्त ते हॉटेल. खाली राहणाऱ्याला मात्र तेच रोज दिसते. आराखड्यावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी एकदा त्या खालच्या रस्त्यावर उभे राहून वर पाहावे, एवढी अपेक्षा ग्वाल्हेरकडून आणि पणजीकडूनही ठेवायला हरकत नाही.